डीव्हीडी लिहायला चाळीस मिनिटे लागतात तेव्हा

सांगलीच्या गावभागात राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या घरी विंडोज एक्सपी असलेला जुना, असेंबल केलेला संगणक असून त्यातील हार्डडिस्क आणि डीव्हीडी रायटर दोन्ही रुंद पट्टीच्या आयडीई केबलने जोडलेले आहेत. शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या चित्रीकरणाच्या प्रती त्यांना चाळीस-पन्नास पालकांना द्यायच्या आहेत. रायटरवर आणि कोऱ्या डिस्कवर १६एक्स असे छापलेले असूनही पूर्ण भरलेली एक डीव्हीडी लिहायला चाळीस मिनिटे लागतात, सीडीला मात्र सहा-सात मिनिटेच पुरतात. डीव्हीडी लिहिली जात असताना माउस अडखळत चालतो. त्याच डब्यातील डिस्क शेजाऱ्यांच्या संगणकावर सहा मिनिटांत तयार होते. पूर्वी त्यांच्याकडेही इतका वेळ लागत नसे, पण २०१९ च्या महापुरात संगणक घाईने माळ्यावर चढवला आणि पाणी ओसरल्यावर उतरवला, त्यानंतर केव्हातरी हा त्रास सुरू झाला. दुकानदार रॅम वाढवायला सांगतो, भाचा नवा रायटर घ्यायला सांगतो, तर यांपैकी काय करावे, असे ते विचारतात.

सर, सध्या दोन्ही करू नयेत. आपण दिलेल्या माहितीतच दोषाचा पत्ता जवळजवळ पूर्ण दिलेला आहे आणि तो दूर करायला बहुधा पैसे लागणार नाहीत, लागलेच तर एका केबलचे लागतील. मात्र मी तो पत्ता कसा काढला हे सविस्तर सांगतो, कारण ‘डिस्क हळू लिहिली जाते’ या एकाच तक्रारीमागे वेगवेगळी कारणे असतात आणि वेळ नेमका कुठे खर्च होतो हे न पाहता सुटे भाग बदलत गेले की खर्च होतो, पण त्रास तसाच राहतो.

प्रथम ‘एक्स’चा, म्हणजे मूळ वेगाच्या किती पट याचा, हिशेब पाहू. सीडीचा १एक्स म्हणजे सेकंदाला १५० किलोबाइट आणि डीव्हीडीचा १एक्स म्हणजे सेकंदाला सुमारे १३८५ किलोबाइट, म्हणजे सीडीच्या नऊपट. त्यामुळे सीडीचे ५२एक्स हा आकडा मोठा दिसला तरी तो सेकंदाला पावणेआठ मेगाबाइटच्या आसपास जातो, जो डीव्हीडीच्या ६एक्सपेक्षाही कमी आहे. डीव्हीडीच्या १६एक्सला सेकंदाला सुमारे २२ मेगाबाइट लागतात. तेही सर्वकाळ नव्हे, कारण लेखन डिस्कच्या आतल्या कडेपासून सुरू होऊन बाहेर सरकते, डिस्क ठरावीक फेऱ्यांनी फिरत असते, आणि म्हणून आरंभी वेग सहा-सात एक्सच असतो व १६एक्स हा आकडा अगदी बाहेरच्या कडेला पोहोचल्यावर दिसतो. या कारणाने ४.७ जीबीची भरलेली डीव्हीडी १६एक्सने साडेपाच-सहा मिनिटांत, ८एक्सने आठ-नऊ मिनिटांत, ४एक्सने पंधरा मिनिटांत, २.४एक्सने पंचवीस मिनिटांच्या आत आणि १एक्सने सुमारे सत्तावन्न मिनिटांत लिहिली जाते. शेजाऱ्यांकडची सहा मिनिटे हा निरोगी १६एक्सचाच वेळ आहे, तेव्हा डिस्क चांगल्या आहेत हे तिथेच सिद्ध झाले.

आता आपले आकडे घेऊ. डीव्हीडीचे सुमारे ४७०० मेगाबाइट चाळीस मिनिटांत, म्हणजे २४०० सेकंदांत लिहिले जातात, तेव्हा वेग सेकंदाला दोन मेगाबाइटांहून किंचित कमी येतो. सीडीचे सुमारे ७०० मेगाबाइट सहा मिनिटांत लिहिले जातात, आणि तिथेही वेग सेकंदाला दोन मेगाबाइटांच्या जवळच येतो. सीडी आणि डीव्हीडी ही दोन वेगळी माध्यमे, रायटर त्यांच्यासाठी वेगवेगळे लेसर वापरतो, त्यांची लेखनाची गतीही वेगळी, आणि तरीही दोन्ही एकाच मर्यादेपाशी अडतात, याचा अर्थ अडथळा दोघांच्या सामाईक वाटेवर आहे. शिवाय सेकंदाला दोन मेगाबाइट म्हणजे डीव्हीडीचे १.४एक्स होतात, आणि १.४एक्स नावाचा कोणताही लेखनवेग रायटरमध्ये नसतो. डिस्क न पटल्यामुळे रायटरने वेग उतरवला असता तर तो २.४एक्स किंवा ४एक्स अशा एखाद्या ठरलेल्या पायरीवर उतरला असता. म्हणजे रायटर स्वतःहून हळू लिहीत नसून त्याच्यापर्यंत माहितीच हळू पोहोचते आहे.

साखर कारखान्याची गाळप क्षमता कितीही असली तरी उसाची वाहने वेळेवर आली नाहीत की गव्हाण रिकामी पडते आणि कारखाना ‘नो केन’मध्ये, म्हणजे ऊस नसल्याने, उभा राहतो, तशीच ही स्थिती आहे. रायटरची गव्हाण म्हणजे त्याच्या आतला बफर, माहिती क्षणभर साठवण्याची छोटी जागा, जो बहुतेक रायटरांत अवघा दोन मेगाबाइटांचा असतो. १६एक्सच्या पूर्ण वेगाने तो एका सेकंदाच्या दहाव्या हिश्शात संपतो. पूर्वी बफर रिकामा झाला की चालू डिस्क वाया जायची. २००० सालच्या सुमारास सान्योने ‘बर्न-प्रूफ’ नावाचे तंत्र आणले आणि नंतर सर्वच कंपन्यांनी आपापल्या नावाने तसे संरक्षण दिले, त्यामुळे आता बफर रिकामा होताच लेसर थांबतो, माहिती साठण्याची वाट पाहतो आणि जिथे थांबला होता तिथूनच पुढे लिहू लागतो. डिस्क वाचते, पण त्याबरोबर दोषही झाकला जातो. पूर्वी जो बिघाड फुकट गेलेल्या डिस्कने लगेच कळायचा तो आता नुसत्या संथपणाच्या रूपाने महिनोन्‌महिने घरात राहतो.

माहिती हळू पोहोचण्याचे कारण आपल्या माउसने सांगितलेले आहे. आयडीई केबलवरून माहिती नेण्याच्या दोन पद्धती असतात. डीएमए पद्धतीत प्रोसेसर फक्त काम नेमून देतो आणि माहिती थेट मेमरी व ड्राइव्ह यांच्यामध्ये वाहते. पीआयओ पद्धतीत मात्र प्रत्येक तुकडा प्रोसेसरला स्वतः उचलून ठेवावा लागतो. कागदावर पीआयओच्या सर्वांत वरच्या पायरीचा वेग सेकंदाला १६.६ मेगाबाइट आहे, पण प्रत्यक्षात रायटरला त्यातून सेकंदाला साधारण दोन-तीन मेगाबाइटच मिळतात, आणि तेवढ्यासाठीही प्रोसेसर पूर्ण अडकून पडतो. माउस अडखळणे, चालू गाणे तुटणे, स्टार्ट मेनू उघडायला वेळ लागणे ही त्याचीच लक्षणे आहेत. रॅम दुप्पट केली तरी यात काडीचाही फरक पडत नाही, कारण उपाशी मेमरी नाही, गुंतलेला प्रोसेसर आहे. दुकानदाराचा सल्ला मी याच कारणासाठी बाजूला ठेवतो.

रायटर पीआयओमध्ये गेला कसा, याचे उत्तर एक्सपीच्या घडणीत आहे. एखाद्या ड्राइव्हकडून वेळेत उत्तर न येणे किंवा केबलवरून आलेली माहिती तपासणीत चुकीची निघणे, अशा चुकांची एक्सपी मोजदाद ठेवते. त्या एकूण सहा झाल्या की ती त्या ड्राइव्हचा वेग एक पायरी खाली आणते, चुका चालूच राहिल्या तर आणखी खाली आणते, आणि शेवटी पीआयओवर नेऊन बसवते. त्या सहा चुका एकाच दिवशी व्हाव्या लागत नाहीत. लग्नाची किंवा बारशाची ओरखडे पडलेली जुनी व्हीसीडी कोणीतरी घालते, रायटर ती वाचण्यासाठी धडपडत बसतो, विंडोजची मुदत टळते आणि एक चूक जमा होते. यातली खरी अडचण अशी, की मूळ कारण गेल्यानंतरही एक्सपी वेग आपोआप पुन्हा वर नेत नाही. आपल्याकडे बहुधा संगणक माळ्यावर चढवताना-उतरवताना केबल सैल झाली असावी. पुरानंतर आमच्याकडे दुरुस्तीला आलेल्या यंत्रांत, ज्यांना पाणी लागले नव्हते अशांतही, ओल्या हवेने केबलच्या पिनांवर काळपट थर चढलेला पुष्कळदा दिसला होता.

तपासणी अशी करावी. ‘माय कॉम्प्युटर’वर राइट-क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये जावे, तिथून ‘हार्डवेअर’ आणि ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडावे. ‘आयडीई एटीए/एटीएपीआय कंट्रोलर्स’ या नोंदीखाली ‘प्रायमरी आयडीई चॅनल’ व ‘सेकंडरी आयडीई चॅनल’ अशा दोन ओळी दिसतील. रायटर साधारणतः सेकंडरीवर असतो. त्या ओळीवर डबल-क्लिक करून ‘ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज’ पाहिले की ‘करंट ट्रान्सफर मोड’पुढे सध्याची स्थिती लिहिलेली असते. तिथे ‘अल्ट्रा डीएमए मोड २’ किंवा ‘४’ असायला हवे. आपल्याकडे ‘पीआयओ मोड’ दिसेल अशी माझी अटकळ आहे. त्याच्या वरच्या रकान्यात ‘डीएमए इफ अव्हेलेबल’ निवडलेले असूनही खाली पीआयओ दिसू शकते, आणि इथेच बरेच जण फसतात, कारण वरची ओळ ही आपली इच्छा असते आणि खालची ओळ ही वस्तुस्थिती असते.

वर पीआयओच निवडलेले असेल तर ते बदलून ‘डीएमए इफ अव्हेलेबल’ करावे व संगणक पुन्हा सुरू करावा. वर डीएमए आणि खाली पीआयओ असेल तर चुकांची ती जुनी नोंदच पुसावी लागते, आणि त्याचा सोपा मार्ग म्हणजे ‘सेकंडरी आयडीई चॅनल’वर राइट-क्लिक करून ‘अनइन्स्टॉल’ निवडणे. नाव ऐकून भीती वाटते, पण संगणक पुन्हा सुरू होताच विंडोज ते चॅनल स्वतः ओळखून नव्याने बसवते, कधी कधी त्यासाठी आणखी एकदा रीस्टार्ट मागते, आणि या खेपेला वरच्या पायरीपासून आरंभ करते. प्रायमरी चॅनलला मात्र हात लावू नये, त्यावर आपली हार्डडिस्क आहे. हे झाल्यावर ‘करंट ट्रान्सफर मोड’ पुन्हा पाहावा आणि तिथे अल्ट्रा डीएमए आले असेल तर लगेच एक डीव्हीडी लिहून वेळ मोजावा.

तरीही पाठोपाठ केबल तपासण्याचा माझा आग्रह आहे, कारण नोंद पुसल्याने चुका करणारी केबल सुधारत नाही. संगणक बंद करून, भिंतीवरील सॉकेटमधून प्लग काढून, कॅबिनेटच्या धातूच्या भागाला हात लावून अंगावरील स्थिर वीज उतरवावी आणि मग केबल दोन्ही टोकांनी काढून पुन्हा घट्ट बसवावी. ती ओढताना पट्टीला धरू नये, टोकाच्या प्लॅस्टिकला धरावे. पट्टी जवळून पाहिली तर तिच्यातील तारा एक तर जाडसर आणि चाळीस असतात, किंवा अगदी बारीक आणि ऐंशी असतात. ऐंशी तारांच्या केबलचे निळे टोक मदरबोर्डला, काळे टोक मास्टर, म्हणजे त्या केबलवरच्या पहिल्या, ड्राइव्हला आणि मधले करडे टोक असल्यास स्लेव्ह, म्हणजे दुसऱ्या, ड्राइव्हला लावायचे असते. चाळीस तारांच्या केबलवर सेकंदाला ३३ मेगाबाइटांपर्यंतची डीएमए चालते आणि एकट्या रायटरला तेवढी पुरते, म्हणून केबल जुन्या जातीची आहे एवढ्यावरून तिला दोष देता येत नाही. पण ती घडी पडून चिरलेली, पिनांपाशी काळवंडलेली किंवा दीड फुटाहून लांब असेल तर बदलावी. रायटर आणि हार्डडिस्क एकाच केबलवर असतील तर रायटर सेकंडरीला वेगळ्या केबलने लावून त्याचा जंपर (मागच्या पिनांवरची छोटी टोपी) मास्टरवर ठेवावा, कारण एका केबलवरची दोन उपकरणे एकाच वेळी बोलू शकत नाहीत आणि हार्डडिस्कवरून वाचून रायटरवर लिहिणे म्हणजे नेमके दोघांनी आळीपाळीने बोलणे असते.

चूक केबलची की ड्राइव्हची हे कळण्यासाठी ‘कंट्रोल पॅनल’मधील ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टूल्स’ आणि त्यातील ‘इव्हेंट व्ह्यूअर’ यांचा उपयोग होतो. ‘सिस्टिम’ या भागात ‘एटापी’ या स्रोताच्या नावाने ९ किंवा ११ क्रमांकाच्या नोंदी असतील तर ९ म्हणजे उपकरणाने मुदतीत उत्तर दिले नाही आणि ११ म्हणजे कंट्रोलरच्या पातळीवर चूक झाली. ‘सीडीरॉम’ या नावाने ७ क्रमांकाच्या नोंदी असतील तर घातलेल्या डिस्कवरचा भाग वाचता आलेला नाही. ओरखडे पडलेल्या डिस्कांचा इतिहास तिथे तारीख-वेळेसह मिळतो आणि घरात कोणी कोणती व्हीसीडी लावली होती याचाही उलगडा होतो!

पीआयओ निघालेच नाही, किंवा निघून गेल्यावरही वेग वाढला नाही, तर पुढचा तपास लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये करावा. त्यासाठी मी ‘इमेजबर्न’ वापरतो. त्याची शेवटची २.५.८.० ही आवृत्ती २०१३ सालची आहे, पण ती एक्सपीपासून पुढच्या विंडोजवर व्यवस्थित चालते आणि विनामूल्य आहे. ती बसवताना मात्र प्रत्येक पडदा वाचून सोबत येणाऱ्या इतर सॉफ्टवेअरना नकार द्यावा. लेखन चालू असताना खाली दोन पट्ट्या दिसतात, एक ‘बफर’ आणि दुसरी ‘डिव्हाइस बफर’. पहिली पट्टी संगणकाच्या मेमरीत किती माहिती तयार आहे हे सांगते, दुसरी रायटरच्या पोटात किती आहे हे सांगते. पहिली भरलेली आणि दुसरी सतत खालावणारी असेल तर दोष या दोघांमधल्या वाटेवर, म्हणजे केबल, पीआयओ किंवा यूएसबी यांत आहे. दोन्ही पट्ट्या रिकाम्या होत असतील आणि बफर सावरण्याची वाट पाहत असल्याचा संदेश येत असेल तर हार्डडिस्क माहिती पुरवू शकत नाही. दोन्ही शंभर टक्के भरलेल्या असूनही वेग कमी असेल तर माहिती पुरेशी आहे आणि रायटरनेच, किंवा घातलेल्या डिस्कने, वेग धरून ठेवलेला आहे. एवढे तीन प्रकार ओळखता आले की उरलेले सर्व तपशील आपापल्या जागी पडतात.

याच सॉफ्टवेअरमध्ये ‘डिस्कव्हरी’ नावाची एक सोय आहे, तिचा वापर फार कमी लोक करतात. त्यात हार्डडिस्कवरून काहीही न वाचता सॉफ्टवेअर स्वतःच चाचणीची माहिती तयार करून डिस्कवर लिहिते. ४एक्सची एक डीव्हीडी-आरडब्ल्यू घालून ती चालवली तर डिस्क वाया जात नाही. ४एक्सला सेकंदाला साडेपाच मेगाबाइट लागतात, तेव्हा आपल्याकडची दोन मेगाबाइटांची मर्यादा अजून असेल तर ती या चाचणीतही उघडी पडेल. आणि ही चाचणी वेगात होऊन खरी डीव्हीडी मात्र रेंगाळत असेल, तर बोट हार्डडिस्ककडे वळवावे.

हार्डडिस्क मागे पडण्याची कारणे घरगुती संगणकात ओळखीची असतात. ती काठोकाठ भरलेली असते, फाइली विखुरलेल्या असतात, मागे अँटीव्हायरस प्रत्येक फाइल उघडून पाहत असतो किंवा डाउनलोड चालू असते. एकच मोठी चित्रफीत लिहिताना जुनी हार्डडिस्कही टिकून राहते, पण हजारो छोटी छायाचित्रे थेट डिस्कवर लिहायला घेतली की तिचे डोके प्रत्येक फाइलसाठी इकडून तिकडे पळते आणि वेग कोसळतो. यावर उपाय म्हणजे आधी सर्वांची मिळून एक आयएसओ फाइल, म्हणजे पूर्ण डिस्कची एकाच फाइलीतली प्रतिमा, तयार करणे आणि मग ती फाइल लिहिणे. आपल्याला चाळीस-पन्नास प्रती काढायच्या आहेत, तेव्हा आपण हे केलेच पाहिजे. फक्त हार्डडिस्कच्या ज्या विभागात ही फाइल ठेवायची तो एनटीएफएस पद्धतीने फॉर्मॅट केलेला असावा, कारण फॅट३२ विभागात चार जीबीपेक्षा मोठी एकच फाइल मावत नाही. लेखनाच्या काळात अँटीव्हायरसची सततची तपासणी थांबवायला हरकत नाही, मात्र त्याआधी इंटरनेटची जोडणी काढावी. तसेही एक्सपीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार एप्रिल २०१४ मध्ये संपला आहे, तेव्हा असा संगणक इंटरनेटपासून दूर ठेवून फक्त डिस्कांच्या कामाला वापरणेच शहाणपणाचे आहे.

आता एक गोष्ट विचारतो, कारण या तक्रारीत ती फार वेळा मिसळलेली असते. आपली चाळीस मिनिटे ही निव्वळ लेखनाची आहेत, की कॅमेऱ्यातील फाइल सॉफ्टवेअरला दिल्यापासून डिस्क बाहेर येईपर्यंतची? टीव्हीला जोडलेल्या प्लेअरवर चालणाऱ्या डीव्हीडीत चित्र एमपेग-२ प्रकारचे, आपल्याकडच्या पाल पद्धतीत ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे आणि सेकंदाला २५ चौकटींचे असावे लागते. कॅमेऱ्यातील किंवा मोबाइलमधील फाइल तशी नसते, म्हणून सॉफ्टवेअर आधी तिचे रूपांतर करते. जुन्या प्रोसेसरवर दोन तासांच्या कार्यक्रमाच्या रूपांतराला तासन्‌तास लागणे स्वाभाविक आहे आणि त्याचा रायटरशी काहीही संबंध नसतो. काही सॉफ्टवेअर हे रूपांतर आणि लेखन एकाच हिरव्या पट्टीत दाखवतात आणि सर्व खापर बिचाऱ्या रायटरवर फुटते. आपली सीडी व डीव्हीडी यांचे आकडे इतके जुळतात की आपल्याकडे हे कारण नसावे, तरी पद्धत म्हणून रूपांतर एकदाच करावे, डीव्हीडी प्लेअरला लागणाऱ्या फाइलींचा व्हिडिओ टीएस फोल्डर तयार झाला की त्याची आयएसओ करावी आणि पुढच्या प्रत्येक प्रतीसाठी तीच वापरावी. प्रत्येक प्रतीसाठी प्रकल्प उघडून पुन्हा ‘बर्न’ दाबणाऱ्यांचे रूपांतर दर वेळी नव्याने होते, आणि रात्र त्यातच जाते. दोन तासांचा कार्यक्रम एका डीव्हीडीत बसवायचा असेल तर चित्र व आवाज मिळून सेकंदाला सुमारे ५.२ मेगाबिट एवढीच जागा मिळते, त्याहून लांब कार्यक्रमाचे चित्र फुटू लागते, म्हणून तीन तासांचे संमेलन दोन डिस्कांत विभागलेले बरे.

डिस्कच्या बाबतीत आपल्याला सध्या शंका नाही, पण पुढे पन्नासचा नवा डबा घ्याल तेव्हा उपयोगी पडेल म्हणून सांगतो. डब्यावरचे नाव आणि आतली डिस्क बनवणारा कारखाना ही दोन्ही एकच असतील असे नाही. प्रत्येक डिस्कवर तिच्या उत्पादकाची खूण कोरलेली असते आणि इमेजबर्नमध्ये ती ‘डिस्क आयडी’ म्हणून दिसते, जसे मित्सुबिशी केमिकलच्या डिस्कवर ‘एमसीसी’ने सुरू होणारी, सीएमसी मॅग्नेटिक्सच्या डिस्कवर ‘सीएमसी मॅग’ने सुरू होणारी. रायटरच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्याच्या आतच भरलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, अशा अनेक खुणांसाठी लेसरची शक्ती व स्पंद कसे ठेवावेत याचे आडाखे भरलेले असतात. खूण ओळखीची नसेल तर रायटर सावधपणे कमी वेगाची पायरी धरतो, मग डिस्कवर १६एक्स कितीही ठळक छापलेले असो. रायटर बनवणाऱ्या कंपनीचे नवे फर्मवेअर उपलब्ध असेल तर ते भरल्याने नव्या डिस्कांची ओळख होते, पण ते भरत असताना वीज गेली तर रायटर कायमचा निकामी होऊ शकतो, म्हणून यूपीएस नसेल तर हे काम करू नये.

१६एक्सचा हट्ट मात्र धरू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. १६एक्स आणि ८एक्स यांत एका प्रतीमागे तीन मिनिटांचा फरक पडतो, पण ८एक्सला डिस्कची थरथर कमी राहते आणि पालकांच्या घरच्या स्वस्त प्लेअरवर ती चालण्याची शक्यता वाढते. उलट फारच कमी वेग म्हणजे फारच चांगली डिस्क हा समजही खरा नाही, कारण १६एक्सच्या डिस्कचा रंगद्रव्याचा थर जलद लेखनासाठी बनवलेला असतो आणि बहुतेक रायटर तिच्यावर ४एक्सच्या खाली जातच नाहीत. डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नये. तोल जातो, डिस्क थरथरते आणि प्लेअर अडखळतो. नाव लिहायला सीडी मार्कर पुरतो.

लेन्सवरील धूळ हे कारण खरे आहे, परंतु लोक मानतात तितक्या वेळा ते नसते. मार्केट यार्डातील हळदीच्या अडत दुकानातला संगणक उघडला तर पंख्यापासून रायटरच्या दारापर्यंत पिवळी पूड बसलेली असते, तिथे मी प्रथम धुळीचाच विचार करतो. अशा वेळी रायटर लिहिण्याआधी लेसरची शक्ती ठरवताना बराच वेळ घुटमळतो, मध्येच वेग उतरवतो, वाचतानाही कुरकुरतो. ब्रश असलेली सफाईची डिस्क एकदा फिरवून पाहावी, पण ती दर आठवड्याला फिरवून लेन्सची नाजूक टांगणी खिळखिळी करू नये. आपल्या रायटरला शेजाऱ्यांनी लिहिलेली डिस्क नीट वाचता येत असेल तर लेन्सच्या नादी न लागलेले बरे.

थोडी किरकोळ कारणेही असतात. ‘व्हेरिफाय’ची खूण चालू असेल तर लिहून झाल्यावर पूर्ण डिस्क पुन्हा वाचली जाते आणि वेळ जवळजवळ दुप्पट होतो. पालकांना द्यायच्या प्रतींसाठी ती खूण मी ठेवीनच, कारण परत आलेली डिस्क त्याहून अधिक वेळ खाते. आरडब्ल्यू डिस्कचा वेग मुळातच साधारण २ ते ८एक्स असतो, दुहेरी थराची ८.५ जीबीची डिस्क २.४एक्सने पाऊण तास घेते आणि यांत दोष काही नसतो. अवघे दोनशे मेगाबाइट लिहिले तरी डीव्हीडी बंद होताना वेळ लागतो, कारण जुन्या प्लेअरना चालावे म्हणून काही सॉफ्टवेअर किमान एक जीबी भरेपर्यंत रिकामी जागा लिहितात. विंडोज ७ किंवा त्यानंतरच्या विंडोजमध्ये डिस्क घातल्यावर ‘यूएसबी फ्लॅश ड्राइव्हसारखी’ हा पर्याय निवडला तर आधी फॉर्मॅट होते आणि पुढे फाइलही सावकाश जातात. ‘सीडी/डीव्हीडी प्लेअरसह’ हा पर्याय त्यासाठी ठीक. आणि ज्यांच्याकडे साटा, म्हणजे नंतरच्या पद्धतीच्या अरुंद, केबलचा रायटर आहे त्यांना पीआयओची ही भानगड क्वचितच भोवते, त्यांनी सरळ इमेजबर्नच्या दोन पट्ट्यांपासून सुरुवात करावी.

आता भाच्याच्या सल्ल्याविषयी. चॅनल पुन्हा बसवल्यावर वेग आला, पण काही दिवसांनी परत पीआयओ दिसले, केबल बदलूनही तेच झाले आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये चांगल्या डिस्कांनीही ९ क्रमांकाच्या नोंदी पडू लागल्या, तर रायटर थकला आहे असे समजावे आणि तेव्हा खरेदीचा विचार करावा. त्याआधी दुसऱ्याचा एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, एक दिवस लावून पाहता आला तर पाहावा, कारण १२ व्होल्टची रेषा दुबळी झाली की डिस्क पूर्ण वेगाने फिरताना चांगला रायटरही मध्येच दम तोडतो. नवा आयडीई रायटर शोधत बसू नये. मदरबोर्डवर साटाचे छोटे इंग्रजी एल आकाराचे खाचे असलेले सॉकेट असेल तर साटा रायटर घ्यावा, एसएमपीएसला साटाचे पॉवर टोक नसेल तर त्याची जोडतार सोबत घ्यावी. सॉकेट नसेल तर बाहेरून जोडायचा यूएसबी रायटर घेता येतो. असे पातळ रायटर डीव्हीडीला ८एक्सपर्यंतच जातात, ते आपल्याला पुरेसे आहे. पण इतक्या जुन्या संगणकावर यूएसबी १.१ असेल तर त्यातून सेकंदाला जेमतेम एक मेगाबाइट जाते आणि आजच्या चाळीस मिनिटांची सव्वा तासाहून अधिक होतील. म्हणून पैसे देण्याआधी डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी कंट्रोलरांच्या यादीत ‘एनहान्स्ड’ हा शब्द असलेली नोंद आहे का ते पाहावे, आणि असल्यास रायटर कॅबिनेटच्या पुढच्या सॉकेटला किंवा हबला न लावता मागच्या बाजूच्या सॉकेटला थेट लावावा, कारण पुढच्या लांब तारांवरून त्याला सुरुवातीच्या धक्क्याला पुरेशी वीज मिळेलच असे नाही.